टीएनएफ भरपूर, आयएल-१बीटा शून्य: एनएफ-कॅपाबी चालू झालंय की नाही?

पेशीवाचक:
टीएचपी-१ पेशींना (माणसाच्या मोनोसाइट पेशींचा प्रयोगशाळेतला वाण) पीएमए (त्यांना मॅक्रोफेजसारखं बनवणारं रसायन) १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, ४८ तास. मग पीएमए धुऊन २४ तास साध्या माध्यमात. त्यानंतर एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला रेणू) १०० नॅनोग्रॅम प्रति मिली ४ तास, आणि शेवटची १५ मिनिटं १ मिलिमोलर एटीपी. एलायझात (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारी चाचणी) टीएनएफ भरपूर येतो, आयएल-१बीटा मात्र ब्लँकइतकाच (नमुना नसलेल्या वेलइतकाच); दोन्ही दाहाचे निरोप नेणारी प्रथिनं, म्हणजे सायटोकाइन. दुसरा घोळ ब्लॉटचा: एलपीएसनंतर ६० मिनिटांच्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावात) आयकॅपाबी-अल्फाचा (एनएफ-कॅपाबीला अडकवून ठेवणारं प्रथिन) बँड ० मिनिटाइतकाच जाड आहे. एनएफ-कॅपाबीचा मार्ग (दाहाची जनुकं चालू करणारी साखळी) चालूच झाला नसेल तर टीएनएफ आला कुठून?

ब्लॉटवाली:
मार्ग चालू झालाय, तुम्ही पाहायला उशीर केलात. टीएलआर४ ला (एलपीएस ओळखणाऱ्या ग्राहकाला) एलपीएस लागलं की मायडी८८, आयरॅक४, ट्राफ६, टॅक१ असा एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे निरोप आयकेके या विकरापर्यंत जातो. आयकेके आयकॅपाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट चढवतं, मग प्रोटिआसोम (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) त्याचा फडशा पाडतो आणि मोकळं झालेलं पी६५ (एनएफ-कॅपाबीचा घटक) केंद्रकात शिरतं. तिथे ते जी जनुकं लगेच चालू करतं, त्यांत खुद्द आयकॅपाबी-अल्फाचं जनुकही असतं. दाहाला लागणारा पहिला लगाम हाच. त्यामुळे तासाभरात बँड परत भरून येतो आणि काही घडलंच नाही असं वाटतं.

०, ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांचे नमुने घ्या. सहसा १५ ते ३० मिनिटांत बँड सगळ्यात फिका दिसेल. फॉस्फो-रूप (फॉस्फेट चढलेलं आयकॅपाबी) पाहायचं असेल तर एमजी१३२ (प्रोटिआसोम रोखणारं रसायन, १० मायक्रोमोलर) अर्धा तास आधी द्या, नाहीतर ते दिसायच्या आत नष्ट होतं. पण एमजी१३२ दिलेली वेल सायटोकाइनसाठी मोजू नका: आयकॅपाबी तुटलंच नाही तर पी६५ अडकूनच राहणार.

मॅक्रोफेज_३७:
आयएल-१बीटाचं कोडं वेगळं आहे. टीएनएफ फक्त पहिला संकेत (एलपीएसचा) पोचल्याचं सांगतो, दुसरा (एटीपीचा) नाही. आयएल-१बीटाला सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा तुकडा) नसतं. ३१ किलोडाल्टनचं प्रो-रूप (न कापलेलं, निष्क्रिय रूप) सायटोसोलमध्ये पडून राहतं, आणि पेशीतलं पोटॅशियम बाहेर गेल्याशिवाय एनएलआरपी३ (धोका ओळखणारं प्रथिन) सहसा जागं होत नाही. ते जागं झालं की एएससी हे जोडणारं प्रथिन, मग कॅस्पेज-१ हे कापणारं विकर कामाला लागतं. कॅस्पेज-१ दोन कामं करतं: प्रो-रूप कापून १७ किलोडाल्टनचं करतं आणि गॅसडर्मिन-डी हे प्रथिन कापून त्याच्याकरवी पेशीपटलाला भोकं पाडतं.

तुमचं १ मिलिमोलर एटीपी १५ मिनिटं, हे दोन्ही बाजूंनी तोकडं आहे. पी२एक्स७ ला (एटीपी ओळखून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या ग्राहकाला) एटीपी मिलिमोलरमध्येच लागतं, आणि पेशीवरची विकरं ते सतत तोडत असतात. ५ मिलिमोलर, ३० ते ६० मिनिटं ठेवा. एटीपीचा स्टॉक चांगलाच आम्लधर्मी असतो. टाकल्यावर माध्यम पिवळं पडलं तर समजा, पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ वर आणायचा राहिलाय. पण एटीपीवर वेळ घालवण्याआधी त्याच्याऐवजी निगेरिसिन (पोटॅशियम थेट बाहेर नेणारं रसायन) १० मायक्रोमोलर, ४५ ते ६० मिनिटं करून पाहा. त्याला पी२एक्स७ लागतच नाही. निगेरिसिनने आलं आणि एटीपीने नाही, तर दोष एटीपीत किंवा पी२एक्स७ मध्ये.

ब्लॉटवाली:
एलायझावर एकट्यावर विसंबू नका. बरेच किट प्रो-रूपही थोडंफार पकडतात, म्हणजे नुसत्या मेलेल्या पेशींतून गळलेलं प्रथिनही आकडा फुगवतं. सुपरनेटंटमध्ये (पेशींवरच्या द्रवात) १७ किलोडाल्टनचा बँड दाखवा आणि सोबत एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं विकर) मोजा. एमसीसी९५० (एनएलआरपी३ रोखणारं रसायन, १ ते १० मायक्रोमोलर) एलपीएसनंतर, पण निगेरिसिनच्या अर्धा तास आधी द्या. त्याने आयएल-१बीटा पडायला हवा, टीएनएफ नाही.

'एलपीएस नाही, फक्त निगेरिसिन' या वेलमध्येही आयएल-१बीटा दिसला तर दचकू नका. पीएमए पीकेसी या विकरामार्फत स्वतःच एनएफ-कॅपाबी चालू करतं, त्यामुळे प्रो-रूप आधीच थोडं साठलेलं असतं. तो आकडा फार वर असेल तर पीएमए १० ते २० नॅनोग्रॅमवर आणा.

पेशीवाचक:
१० टक्के सीरममुळे अल्ब्युमिन १७ किलोडाल्टनचा बँड झाकणार नाही ना? सीरम सुरुवातीपासूनच काढू का?

मॅक्रोफेज_३७:
सुरुवातीपासून नको. एलपीएस टीएलआर४ कडे पोचवणारं एलबीपी हे प्रथिन सीरममधूनच येतं, ते काढलंत तर पहिलाच संकेत मंदावतो. अल्ब्युमिन ६६ किलोडाल्टनवर धावतं, १७ च्या बँडवर बसत नाही. पण सुपरनेटंट मेथनॉल-क्लोरोफॉर्मने आटवलं की त्याचा इतका गोळा होतो की सगळी लेन वाकडी धावते. एलपीएसचे ४ तास सीरमसकट करा, मग एक हलका धुवा आणि निगेरिसिन सीरमरहित माध्यमात द्या. निगेरिसिनने पेशी फुगून काचेसारख्या पारदर्शक होतात, सहज सुटतात. म्हणून पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून सुपरनेटंट काढा, ५०० जी वर ५ मिनिटं फिरवा आणि तळाचे ५० मायक्रोलिटर तसेच राहू द्या.