क्लेममध्ये जुने पार्ट लावायचेत, सर्व्हेअर म्हणतो टोटल लॉस. काय करावं?

प्रश्न: पत्रा_आणि_प्रीमियम

गाडी नऊ वर्षांची, १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक. मॉडेल बंद झालंय. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी आहे, झिरो डेप (घसारा म्हणजे 'डेप' न कापणारं कव्हर) नाही. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) २,१०,०००. पुढून उजव्या बाजूला मार बसलाय: बंपर, दोन्ही हेडलॅम्प, बॉनेट, उजवा फेंडर, उजवं पुढचं दार, पुढची काच, रेडिएटर, कंडेन्सर, उजवा लोअर आर्म. एअरबॅग उघडल्या नाहीत.

अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट जीएसटीसह १,७१,०००. त्यात पार्ट १,२०,००० (पत्रा व इतर धातू ८०,०००, प्लॅस्टिक ३६,०००, काच ४,०००), मजुरी आणि पेंटिंग ५१,००० (पैकी पेंटिंग २४,०००). दार आणि हेडलॅम्प कधी येतील ते वर्कशॉप सांगू शकत नाही.

बाहेरचा गॅरेजवाला कुर्ल्याहून जुना माल आणून ८५,००० मध्ये करून देतो म्हणतो: पार्ट ४५,०००, मजुरी-पेंटिंग ४०,०००. सर्व्हेअर तोंडी सांगतो की जुना पार्ट पॉलिसीत बसत नाही, आणि नवे लावले तर एस्टिमेट आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर जातं म्हणून टोटल लॉस (दुरुस्तीऐवजी गाडी पूर्ण गेली असं धरणं). रेकची (आहे तशी मोडकी गाडी विकत घेण्याची) बोली ७०,००० आली आहे.

१) जुना पार्ट खरंच चालत नाही का? २) चालला तर त्यावरही डेप कापतात का? ३) टोटल लॉस नाकारता येतो का?

---

क्लेमचा_हिशोब

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सर्व्हेअरचं गणित कच्चं आहे.

७५ टक्क्यांची रेघ १,५७,५०० वर पडते आणि एस्टिमेट १,७१,००० आहे, हे खरं. पण पॉलिसीचं वाक्य पूर्ण वाचा. दुरुस्तीचा खर्च 'पॉलिसीच्या अटी व शर्तींच्या अधीन राहून' ७५ टक्क्यांच्या वर गेला तर कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, असं तिथे लिहिलंय. अटींमध्ये घसारा आला. म्हणजे वर्कशॉपचा आकडा धरायचा नाही, कंपनीच्या वाट्याला येणारा आकडा धरायचा, असा मुद्दा तुम्ही मांडायचा.

तो काढू. गाडी ५ ते १० वर्षांच्या गटात, म्हणून धातूच्या पार्टवर ४० टक्के कापून ४८,०००. प्लॅस्टिक-रबरवर वय काहीही असो ५० टक्के, म्हणून १८,०००. काचेवर घसारा नाही, ४,०००. पेंटिंगच्या एकत्र बिलात २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मं कापतात: २४,००० चे ६,०००, त्यातले ३,००० गेले. मजुरी-पेंटिंग उरलं ४८,०००. बेरीज १,१८,०००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला मालकाने सक्तीने सोसायचे १,००० वजा. कंपनीचा वाटा १,१७,०००. रेघेच्या चाळीस हजार खाली.

तोंडी बोलणं बंद करा. हाच हिशोब ईमेलमध्ये घाला, सर्व्हेअर आणि कंपनीचा क्लेम विभाग दोघांना एकदमच पाठवा, आणि 'टोटल लॉस ठरवताना कोणता आकडा धरला ते लेखी कळवा' एवढंच विचारा.

---

जुना_बाजार_नवा_भाव

१ आणि २ चं उत्तर.

पॉलिसीत 'फक्त नवा पार्ट' असा शब्द मला कुठे दिसलेला नाही. कंपनी दुरुस्त करेल, बदलून देईल किंवा पैसे देईल, आणि अंशतः नुकसानीत देणं दुरुस्तीच्या 'प्रत्यक्ष व वाजवी' खर्चापुरतं राहील, असं स्टँडर्ड शब्दांकन आहे. तुमचा प्रत्यक्ष खर्च जुन्या दाराचा असेल तर तोच प्रत्यक्ष खर्च. अडचण बिलाची असते. सर्व्हेअर 'पॉलिसीत बसत नाही' म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा म्हणायचं असतं की 'बिलाशिवायच्या मालावर मी सही करणार नाही', आणि ते चूक नाही.

डेपचं म्हणाल तर बरेच सर्व्हेअर सवयीने कापतात. सॉफ्टवेअरमध्ये पार्टची ओळ टाकली की टक्का आपोआप लागतो. पण घसारा आहे कशासाठी? नऊ वर्षांच्या दाराच्या जागी कोरं दार मिळालं की मालकाचा फायदा होतो, तो परत घेण्यासाठी. जुन्याच्या जागी जुनं बसवलं तर फायदा कसला? जुन्या मालाच्या किमतीत घसारा आधीच उतरलेला असतो, तो दुसऱ्यांदा कापायचा म्हणजे एकाच उसाचा दोनदा रस काढणं.

एका दारावर पाहा. नवं दार २२,००० धरलं तर कंपनी १३,२०० देते, तुमचे ८,८०० जातात. जुनं दार ९,००० ला मिळालं आणि घसाऱ्याशिवाय मंजूर झालं, तर कंपनी ९,००० देते, तुमचं शून्य. कंपनीचेच ४,२०० वाचतात. ४० टक्के कापले तर कंपनी ५,४०० देते, तुमचे ३,६०० जातात.

तुमच्या पूर्ण कामात जुन्या पार्टवर घसारा नाही धरला तर कंपनी ८१,००० देईल, तुमचे ४,००० (पेंटिंग तेवढंच धरून त्याचे ३,००० आणि सक्तीचे १,०००). धरला (३०,००० धातू, १५,००० प्लॅस्टिक समजून) तर कंपनी ६१,५००, तुमचे २३,५००. भांडण या साडेएकोणीस हजारांचं आहे. नव्या पार्टच्या १,१७,००० पेक्षा दोन्हीत कंपनी फायद्यातच राहते. मंजुरी मागताना हे वाक्य सर्वात वर लिहा, हक्काची भाषा खाली.

पण क्रम चुकवू नका. आधी मंजुरी, मग खरेदी. कंपनीला न विचारता मालकाने स्वतः करून घ्यायच्या दुरुस्तीची मर्यादा पॉलिसीत ५०० रुपये आहे. (आज एवढ्यात बंपरच्या क्लिपाही येत नाहीत, पण अट आहे.) दार बसवून मग फोटो पाठवले तर 'तपासणीची संधी दिली नाही' हे कारण तुम्ही स्वतःच हातात दिलेलं असतं.

मंजुरीसाठी पाठवायचं ते असं: प्रत्येक जुन्या पार्टचा फोटो, दुकानदाराचं कोटेशन, शेजारी नव्याची किंमत, आणि नवा मिळत नसल्याचा वर्कशॉपचा ईमेल. हा शेवटचा कागद निम्मं काम करतो.

बिल शक्यतो गॅरेजच्या नावाने काढा. गॅरेजवाला जीएसटीत असेल तर तो माल विकत घेईल आणि आपल्या टॅक्स इनव्हॉइसमध्ये 'वापरलेलं दार, उजवं पुढचं' अशी स्वतंत्र ओळ घालेल. 'वापरलेलं' हा शब्द दिसलाच पाहिजे. काही गॅरेजवाले म्हणतात, 'साहेब, नव्याचं बिल लावतो, डेप जाऊन तुम्हाला तेवढेच पडतील.' त्याला तिथेच नाही म्हणा. खोटं बिल सापडलं तर दारासकट अख्खा क्लेम जातो, आणि क्लेम फॉर्मवर सही तुमची असते.

माल कुठून आला तेही पाहा. कोणत्या गाडीचा, कोणत्या साली भंगारात गेलेली, हे बिलावर लिहून घ्या. मीरतच्या सोतीगंजचा जुन्या पार्टांचा बाजार पोलिसांनी २०२१ मध्ये बंद पाडला तो चोरीच्या गाड्यांच्या सुट्या भागांमुळेच. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये येतं. बिल असेल तर सरळ खरेदी केल्याचा पुरावा तुमच्याकडे राहतो.

---

डेंटरचा_हातोडा

कागद झाले, आता पत्र्याकडे या. यादीतला लोअर आर्म जुना घेऊ नका. मार लागलेल्या गाडीचा आर्म डोळ्यांना सरळ दिसतो आणि अलाइनमेंटवर चढवला की कॅम्बर (चाकाचा उभा कल) बरोबर येत नाही. टाय रॉड एंडही नवाच. ४० टक्के कापले जातील, जाऊ देत. एअरबॅग, तिचं कंट्रोल युनिट, सीटबेल्टचा प्रिटेन्शनर, ब्रेक होज, स्टिअरिंग रॅक, नकल, व्हील रिम यांतलं काहीच जुनं नको. अ‍ॅप्रन किंवा चेसिसची रेल दुसऱ्या गाडीतून कापून जोडायची तर अजिबातच नको. वेल्ड चुकीच्या जागी पडला की पुढच्या धडकेत पत्रा जिथे दुमडायला हवा तिथे दुमडत नाही.

दार घेताना: आतला ट्रिम काढायला लावून आडवी बीम सरळ आहे का बघा. कडेच्या दुमडीवर कंपनीचा सीलंट एकसारखा असतो, हाताने भरलेला ओबडधोबड दिसतो. पेंट गेज असेल तर कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन दाखवतो. ३०० च्या वर गेलं तर दार पुन्हा रंगवलेलं किंवा खाली लांबी (पुट्टी) भरलेली असू शकते. वायरिंगच्या कनेक्टरच्या पिना मोजा. खालच्या मॉडेलचं दार आणलं तर पॉवर विंडो, सेंट्रल लॉक जुळत नाही आणि मग हार्नेस कापाकापी सुरू होते. पिना हिरव्या पडल्या असतील किंवा दाराच्या तळाशी गाळ असेल तर ती पुरात बुडालेली गाडी. सोडून द्या.

हेडलॅम्प: मागचे कान तपासा, चिकटवलेला कान महिन्याभरात सुटतो. परदेशातून आलेला डावीकडच्या स्टिअरिंगच्या गाडीचा लॅम्प बसतो अगदी बरोबर, पण झोत समोरच्याच्या डोळ्यांत फेकतो.

रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून १५ मिनिटं ठेवा. कंडेन्सर जुना चालेल, पण त्याचा ड्रायर नवा हवा. तोंड उघडं राहिलेल्या ड्रायरने हवेतली ओल शोषलेली असते. एसी गॅस आणि कूलंट कन्झ्युमेबल अ‍ॅड-ऑन नसेल तर तुमच्या खिशातून, हे ८५ हजारांत धरलंय का ते गॅरेजवाल्याला आत्ताच विचारा.

आणखी एक, सगळे विसरतात ते: दुसऱ्या रंगाचं दार आतून-बाहेरून रंगवावं लागतं. सर्व्हेअर फक्त बाहेरच्या पॅनेलचा दर धरतो. मंजुरीत 'दोन्ही बाजू' लिहून घ्या.

---

क्लेमचा_हिशोब

वरच्या दोघांशी सहमत, पण एक उलटा विचार करून बघा. टोटल लॉसला तुम्ही इतकं का घाबरताय?

बोली ७०,००० ची आहे. गाडी स्वतःकडे ठेवून 'नेट ऑफ सॅल्व्हेज' (मोडक्या मालाची किंमत वजा करून) मागितलं तर २,१०,००० मधून १,००० आणि ७०,००० वजा, म्हणजे १,३९,००० हातात. पार्ट जुना की नवा, डेप किती, हा वादच संपतो. ८५,००० मध्ये गाडी उभी केली तर ५४,००० उरतात.

फक्त तीन गोष्टी आधी लेखी घ्या. आरसी रद्द करून मागणार का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये कायमची निकामी गाडी रद्द करायची असते. तुमची दुरुस्त होण्यासारखी आहे, हे पत्रात स्पष्ट असू दे. दुसरं, पॉलिसी तिथेच संपणार का? बहुतेक संपते, म्हणजे दुरुस्तीनंतर नवी पॉलिसी, आणि तिच्यासाठी तपासणी. तिसरं, गाडी कर्जावर असेल तर चेक बँकेकडे जातो.

---

पत्रा_आणि_प्रीमियम

कर्ज नाही. नेट ऑफ सॅल्व्हेजचा विचार डोक्यातच नव्हता. समजा कंपनी दोन्हीला नाही म्हणाली, तर पुढे कुठे? आणि वर्कशॉपमधून गाडी हलवू का?

---

जुना_बाजार_नवा_भाव

गाडी हलवताना आधी कंपनीला ईमेल करा, नवीन गॅरेजचा पत्ता द्या. कॅशलेस जाईल, रिइम्बर्समेंट होईल. वर्कशॉप उघडणी आणि पार्किंगचे पैसे मागेल, ते क्लेममध्ये मिळतीलच असं नाही. निघण्याआधी काढलेले सगळे पार्ट लेबल लावून गाडीत टाकून घ्या. सॅल्व्हेजची वजावट मोजताना ते समोर नसले की सर्व्हेअर मनाने आकडा टाकतो.

काम झाल्यावर री-इन्स्पेक्शन करून घ्या. त्याआधी समाधानपत्रावर सही नको. सही करावीच लागली तर 'हरकत राखून' असं हाताने लिहा.

---

क्लेमचा_हिशोब

आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती तुम्हाला मिळाली पाहिजे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार, सोबत विमा नियामकाच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंद. नकार आला किंवा एक महिना उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे अशी तीन कार्यालयं आहेत. फी नाही, वकील नको. कंपनीच्या नकारापासून एका वर्षात जायचं. ग्राहक आयोगात तीच तक्रार चालू असेल तर लोकपाल घेत नाही, म्हणून आधी लोकपाल. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे.

सोबत एखाद्या स्वतंत्र परवानाधारक सर्व्हेअरचं मूल्यांकन जोडा. 'आमच्या सर्व्हेअरने ठरवलं म्हणजे ठरलं' असं उत्तर आलं तर सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार हा निकाल लावा. सर्व्हे रिपोर्ट हा अंतिम शब्द नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

---

डेंटरचा_हातोडा

आणि दार बुक करून ठेवा, टोकन देऊन. बंद मॉडेलचं उजवं पुढचं दार तुमच्या मंजुरीची वाट बघत थांबत नाही.