शब्दचर्चा : 'आउटपुट कॅप्चर करणे' याला मराठीत काय म्हणावे?

कृष्णाकाठ :
सांगलीत अभियांत्रिकीच्या मुलांसाठी सी भाषेची टिपणं मराठीत लिहितोय. पोरं तासगाव, पलूस, जतकडची. कोड इंग्रजीतच वाचतात, पण 'सर, हे असं का होतं?' हे मराठीत विचारतात. सी प्रोग्रॅममधून दुसरा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याचं आउटपुट आपल्या हाती घ्यायचं, या प्रकरणाला मथळा हवाय. 'प्रदान', 'निर्गत' वर्गात कुणी उच्चारणार नाही, तेव्हा आउटपुट राहू दे. पण कॅप्चर? पकडणे? टिपणे? 'हस्तगत करणे' म्हटलं की पोलिसांचा पंचनामा वाटतो.

मिरज जंक्शन :
टिपणे. कॅमेरा टिपतो, कान टिपतात. सुटसुटीत आहे.

हरिपूर :
कॅमेऱ्याने टिपलं तरी समोरचं दृश्य जागेवरच राहतं. इथे तसं होत नाही. पीओपेनने (सीमधून दुसरी कमांड चालवणाऱ्या फंक्शनने) कमांड चालवली की तिचं आउटपुट पडद्यावर उमटतच नाही, थेट आपल्याकडे येतं. 'टिपणे' वाचलेला पोरगा पडद्याकडे बघत बसेल.

मिरज जंक्शन :
चिमणी दाणा टिपते तेव्हा दाणा कुठे जागेवर राहतो?

हरिपूर :
हे मान्य! पण संगणकाच्या पुस्तकात 'टिपणे' वाचून चिमणी कुणाला आठवणार?
'पकडणे' तर मला मुळीच पटत नाही. पकडायचं ते पळणाऱ्याला. पाइपमधलं, म्हणजे दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या नळीतलं, आउटपुट पळत नाही, साचतं. लिनक्सवर पाइपची क्षमता सहसा ६५,५३६ बाइट. तेवढी भरली की लिहिणारा प्रोग्रॅम थांबतो आणि कुणी वाचेपर्यंत पुढे सरकत नाही. मुलं नेमकी इथे फसतात : आधी वेटपिड (वाट बघायचं फंक्शन) लावून चाइल्ड, म्हणजे आपण सुरू केलेला प्रोग्रॅम, संपायची वाट बघतात आणि मग वाचायला जातात. आउटपुट थोडं असेल तर निभावतं. जास्त असलं की चाइल्ड वाचणाऱ्यासाठी खोळंबलेला, पेरेंट, म्हणजे आपला मूळ प्रोग्रॅम, चाइल्डसाठी. आधी वाचा, मग वाट बघा.
माझं मत 'वळवणे'. खाली घडतं तेच आहे : पाइप, मग फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढणं), मग चाइल्डमध्ये डुप-टू वापरून एक क्रमांकाचा डिस्क्रिप्टर (नेहमीचं आउटपुट जातं ती वाट) पाइपच्या लिहित्या टोकाला जोडायचा, मग एक्झेक (त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम आणणं). नव्या प्रोग्रॅमला पत्ताही नसतो. तो नेहमीसारखा एक क्रमांकावर लिहितो. उसाला दारं धरणाऱ्याच्या घरातल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

कृष्णाकाठ :
वळवणे आवडलं. पण वळवून पुढे वाचायचंही असतं ना? फाइलकडे वळवलं तर तेही वळवणंच.

हरिपूर :
मग 'वळवून वाचणे'. दोन क्रिया आहेत, दोन शब्द लागू देत.

विटा-खानापूर :
मधेच घुसतो. शब्दापेक्षा मोठा घोळ 'सिस्टिम' फंक्शनचा आहे. ते जो पूर्णांक परत देतं तो आउटपुट नसून कमांड कशी संपली याची स्थिती असते. त्यासाठी साधं 'चालवणे' ठेवा आणि पीओपेनसाठी 'वळवून वाचणे', म्हणजे फरक मथळ्यातच दिसेल. दोन्ही शेलमार्फत, म्हणजे कमांडची ओळ वाचून ती चालवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, चालतात हेही लिहा. वापरणाऱ्याने टाइप केलेलं नाव कमांडमध्ये जसंच्या तसं चिकटवलं आणि त्यात अर्धविराम आला, की पुढचा मजकूर दुसरी कमांड म्हणून चालतो.

मिरज जंक्शन :
आणि एक्झेकला 'परकायाप्रवेश'. प्रोसेस क्रमांक तोच, आत प्रोग्रॅम दुसरा.

कृष्णाकाठ :
हा तर उचललाच! मथळा 'दुसरा प्रोग्रॅम चालवणे व त्याचे आउटपुट वळवून वाचणे' असा करतो. शेवटची शंका : पीओपेन वापरूनही एररचे मेसेज पडद्यावर येतातच, असं मुलं म्हणतात.

हरिपूर :
येणारच. ते दोन क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवर जातात आणि पीओपेन फक्त एक क्रमांक वळवतं. दोन क्रमांकही वळवायचा असेल तर कमांडमध्येच तसं लिहावं लागतं. आणि फोर्क स्वतः करत असाल तर पेरेंटमधलं पाइपचं लिहितं टोक बंद करायला सांगा, नाहीतर वाचणाऱ्याला शेवट कधी सापडतच नाही.