पोपनी बर्फाला आशीर्वाद दिला म्हणून एवढा थयथयाट?

गिरीजकर:
जुनीमिस्सा यांनी परवा तो फोटो टाकला. रोमजवळ कास्तेल गांदोल्फोला १ ऑक्टोबर २०२५ ला पोप फ्रान्सिस यांच्या पर्यावरणावरच्या 'लाउदातो सी' या पत्राच्या दहा वर्षांची परिषद झाली, तिथे पोप लिओ ग्रीनलँडहून आणलेल्या बर्फाच्या ठोकळ्यावर हात ठेवून उभे आहेत. खाली यांची मल्लिनाथी: "आत्मे वाऱ्यावर, बर्फ मात्र तारला." त्यावर हसणाऱ्यांत आमच्याच धर्मग्रामातली (पॅरिशमधली) ओळखीची नावं. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगतो, मी उदारमतवादी वगैरे नाही. घरी रोज रोझरी होते, कम्युनियन, म्हणजे प्रसादाची पवित्र भाकर, जुन्या रीतीने जिभेवरच घेतो, समलिंगी जोडप्यांनाही आशीर्वाद देऊ देणारं 'फिदुचिया सुप्लिकान्स' आलं तेव्हा मीही कपाळावर हात मारला होता. तेव्हा "तुम्ही मॉडर्न लोक" हे ऐकवू नका.

माझा राग वेगळा आहे. १९६८ साली 'ह्युमाने विते' आलं, पॉल सहावे यांनी संततिनियमनाच्या साधनांना ठाम नकार दिला. ज्यांना पटलं नाही त्यांना आपली माणसं काय सुनवायची? रोम बोललं, विषय संपला. कॅथलिक राहायचं तर ऐका. जॉन पॉल आणि बेनेडिक्ट यांच्या काळातही हेच. आणि आता पोप गरिबांवर, स्थलांतरितांवर, फाशीवर बोलले की याच मंडळींना एकदम सदसद्विवेकबुद्धी फुटते. "हे काही श्रद्धेचं तत्त्व नाही, त्यांचं खासगी मत आहे."

हे फ्रान्सिसपासून सुरू झालं असंही नाही. १९६१ साली जॉन तेविसाव्यांचं सामाजिक न्यायावरचं पत्र 'मातेर एत माजिस्त्रा' (आई आणि गुरू) आलं, तेव्हा अमेरिकेतल्या 'नॅशनल रिव्ह्यू'ने चर्च आई म्हणून चालेल, गुरू म्हणून नको, अशी टिंगल केली होती. २००३ ला इराकवर हल्ला करू नका हे सांगायला जॉन पॉलनी कार्डिनल पिओ लागींना बुशकडे धाडलं. ऐकलं कोणी? आणि पर्यावरणाचं एवढं वावडं असेल तर व्हॅटिकनच्या सभागृहाच्या छपरावर सोलर पॅनल कधी बसले ते बघा. २००८. बेनेडिक्टच्या काळात! तेव्हा आत्म्यांची काळजी कुठे होती?

गर्भपात करणं म्हणजे सुपारी देऊन माणूस मारणं, असं फ्रान्सिस २०१८ च्या ऑक्टोबरात भर सभेत बोलले. ते तुमच्यापैकी एकानेही फिरवलं नाही. बर्फ बरोबर सापडतो.

जुनीमिस्सा:
फोटो मी टाकला, मल्लिनाथीही माझीच. मागे घेणार नाही.

इराक काढलात ते बरं झालं. युद्ध न्याय्य आहे की नाही याचा निर्णय राज्यकर्त्यांनी विवेकाने करायचा, हे कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाच्या, परिच्छेद २३०९ मध्येच आहे. गर्भपाताबद्दल असं कुठे लिहिलंय दाखवा. २००४ साली रात्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट) यांनीच अमेरिकन बिशपांना कळवलं होतं की सगळे नैतिक प्रश्न सारख्या वजनाचे नसतात, युद्ध आणि फाशीवर कॅथलिकांमध्ये रास्त मतभेद असू शकतात. त्यामुळे आज्ञापालनाचा धडा मला देऊ नका.

मूळ दुखणं अग्रक्रमाचं आहेच, पण त्याहून मोठं दुखणं धूसरपणाचं. फ्रान्सिस यांच्या कुटुंबावरच्या 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रातली तळटीप ३५१ आठवते? घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेल्यांना कम्युनियन द्यायचं की नाही, हो किंवा नाही एवढंच चार कार्डिनलांनी २०१६ ला विचारलं. पाच प्रश्न. उत्तर आलं नाही. माइसनर आणि काफारा २०१७ मध्ये वारले, वाट बघतच गेले. विमानात पत्रकारांशी तासभर गप्पा मारायला वेळ असतो, कार्डिनलांना एका ओळीचं उत्तर द्यायला नसतो.

'फिदुचिया'चंही तेच. डिसेंबर २०२३ ला कागद काढला, जानेवारीत खुलासा की आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा. सेकंद मोजून आशीर्वाद! आफ्रिकेच्या बिशपांनी कार्डिनल अम्बोंगोंच्या मार्फत सरळ सांगितलं की आमच्याकडे हे होणार नाही. ते पण बंडखोरच का?

मडगावकर:
आफ्रिकेने नाही म्हटलं तर "परंपरेचे रक्षक", जर्मनीने नाही म्हटलं तर "फुटीर". दोन्ही बाजूंचे लोक हाच खेळ खेळतात. चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

गिरीजकर:
आफ्रिकेच्या बिशपांनी पोपची टर उडवणारे फोटो टाकले नाहीत. रोमला जाऊन बोलले, कागद घेऊन आले. विरोध आणि उनाडकी यांतला फरक तोच.

आणि हा पोप धूसर कुठे बोलतोय? बर्फाच्या आदल्याच दिवशी पत्रकारांनी शिकागोच्या वादावर विचारलं. कार्डिनल क्युपिच सिनेटर डर्बिनना पुरस्कार देणार होते, डर्बिन गर्भपाताच्या हक्काचे समर्थक, बऱ्याच बिशपांनी आक्षेप घेतला होता. लिओंच्या म्हणण्याचा आशय असा: गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा, हे खरं जीवनवादी (प्रो-लाइफ) असणं नव्हे, आणि अमेरिकेत स्थलांतरितांना जी अमानुष वागणूक मिळते ती मान्य असेल तर ते जीवनवादी असणं आहे का, ठाऊक नाही. याहून स्पष्ट काय हवंय? तुम्हाला स्पष्टपणा नकोय, तुमच्या बाजूचा स्पष्टपणा हवाय.

जुनीमिस्सा:
स्पष्टपणे दोन असमान गोष्टी एका तराजूत घातल्या, एवढंच. आणि देशाला सीमा असतात हो.

कुपारीण:
न्यू जर्सीतून सीमांवर प्रवचन! तुम्ही कोणत्या व्हिसावर गेलात ते सांगाल का?

जुनीमिस्सा:
रीतसर, रांगेत उभं राहून, कर भरून. आणि बाई, नालासोपाऱ्यात बाहेरची वस्ती वाढली तेव्हा वसईकर कॅथलिकांच्या घराघरात काय बोललं जायचं ते मी लहानपणी ऐकलंय. तेव्हा "मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलं" हे वचन कोणाला आठवलं नव्हतं. अमेरिकेने दार उघडं ठेवावं, आम्ही मात्र फाटकाला कुलूप लावणार?

कुपारीण:
हे लागलं. लागू दे.

पण आमचा राग माणसांवर नव्हता, निदान सगळा नव्हता. विहिरी खाऱ्या झाल्या, टँकरवाल्यांनी पाणी उपसलं, पानमळे गेले, केळीच्या वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. 'लाउदातो सी' २०१५ चं. फादर दिब्रिटो हरित वसईचा लढा घेऊन त्याच्या कितीतरी आधी रस्त्यावर उतरले होते. आमच्याच घरात आजोबा म्हणायचे, पाद्र्याने मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगावी, मोर्चे कसले काढतो. तुमचं वाक्य तेच आहे, फक्त वाडीऐवजी बर्फ आलाय. २०१८ च्या जुलैत अख्खी वसई पाण्यात होती, आमच्या ओट्यावर कमरेइतकं पाणी. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं की पोपनी हवामानावर बोलावं का, तर मी त्यांना होडी घेऊन इकडेच बोलावलं असतं.

आता माझं खरं दुखणं. तुम्ही सगळे रोमवर भांडताय. आमच्या धर्मग्रामात रविवारची मराठी मिस्सा सकाळी सहाला आणि इंग्लिश आठला केलीय. माझी सासू ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले, अंधारात रिक्षा शोधत जाते. आठची मिस्सा कोणासाठी? ज्यांना घरी आपली वसईची कादोडी बोली बोलायची लाज वाटते त्यांच्यासाठी.

बोरिवलीकर:
हे मला उद्देशून आहे असं धरतो. माझी मुलं इंग्लिश माध्यमात शिकतात. मराठी वाचन ऐकून त्यांना बायबलमधल्या "निर्गम" आणि "अनुवाद" या पुस्तकांतलं काही कळत नाही. त्यांनी चर्चला येऊच नये का? मुलं येतात याचा आनंद माना.

कुपारीण:
कळत नाही कारण शिकवलं नाही. पहिल्या कम्युनियनचा वर्गही आता इंग्लिशमध्ये झालाय. शिकवणार कोण, कबुतरं?

मडगावकर:
फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. इथे येऊन त्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं, १६१६ ला ते छापलं. आणि आज वसईच्या पोरांना मराठी जड जाते. इंग्रजाला जमलं हो.

बोरिवलीकर:
गोंयकारांनी आधी कोंकणी रोमी लिपीत लिहायची की नागरीत ते मिटवावं, मग इकडे यावं.

मडगावकर:
ते मिटलं तर आम्ही बोलणार कशावर?

जुनीमिस्सा:
बघा, माझा मुद्दा तुम्हीच मांडताय. मराठी म्हटलं की इंग्लिशवाले तुटतात, इंग्लिश म्हटलं की सासूबाई तुटतात. म्हणून लॅटिन! कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या दस्तऐवजातही लॅटिन जपावी आणि ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं असंच आहे. काढून टाका असं परिषदेने कुठेही म्हटलेलं नाही.

२००७ ला बेनेडिक्टनी जुन्या लॅटिन मिस्सेची वाट मोकळी केली, जुलै २०२१ ला फ्रान्सिसनी 'त्रादित्सिओनिस कुस्तोदेस' हा हुकूम काढून ती पुन्हा आवळली. आमची मिस्सा पॅरिश चर्चमधून उचलून शाळेच्या जिममध्ये टाकली. बास्केटबॉलच्या रिंगखाली वेदी. पाच-पाच पोरं असलेली कुटुंबं खाली लाकडी जमिनीवर गुडघे टेकून. परिघावरच्यांना जवळ घ्या म्हणणाऱ्या पोपनी आम्हाला परिघावर नेऊन सोडलं. बर्फावरचा माझा विनोद तिथून आलाय, हे समजून घ्यायचं तर घ्या.

कुपारीण:
जिमचं वाईट वाटलं, खरंच. पण लॅटिनची महती मला सांगू नका. आजी सांगायची, लॅटिन मिस्सा चालू असताना बायका मागे बसून रोझरी म्हणायच्या, कारण पुढे काय चाललंय ते कोणालाच कळायचं नाही. घंटा वाजली की माना खाली. एवढाच सहभाग.

जुनीमिस्सा:
आणि तरी त्या पिढीचं चर्च भरलेलं होतं. आज सगळं कळतं आणि बाकं रिकामी.

गिरीजकर:
वसईत बाकं रिकामी नाहीत, कधी तरी येऊन बघा. आणि २५ ऑक्टोबरला याच बर्फवाल्या पोपनी कार्डिनल बर्क यांना सेंट पीटर्समध्ये जुनी मिस्सा करू दिली. तो फोटो टाकलात का?

जुनीमिस्सा:
टाकला. तुम्ही लाइक केला नाहीत.

गिरीजकर:
दिसला नाही.

तर्कट:
मी हिंदू, इकडे चुकून आलो. मला वाटायचं पोप म्हणतील ती पूर्व दिशा, तुमच्यात वाद नसतीलच. हे तर आमच्या गणपती मंडळाच्या वरताण निघालं.

मडगावकर:
वर्गणी भरा आणि बसा.

बोरिवलीकर:
गिरीजकर, मूळ विषयावर एक विचारतो. पोप लिओंचं 'दिलेक्सी ते' हे पत्र वाचलंत का? ९ ऑक्टोबरला आलं, सगळं गरिबांवर. फ्रान्सिसनी सुरू केलेलं, लिओनी पुरं केलेलं. तुम्ही म्हणता पोपचं ऐका. मग तुमच्या वाडीतल्या नव्या टॉवरमधला एक फ्लॅट ऐकताय का देताय?

गिरीजकर:
टॉवर भावाचा आहे. आणि हा प्रश्न बदमाशीचा आहे.

बोरिवलीकर:
म्हणजे तुम्हीही निवडूनच ऐकता. ठीक. जुनीमिस्सा निदान कबूल करतो.

गिरीजकर:
कबूल करण्यात कसली मर्दुमकी? न जमणं वेगळं आणि सांगणाऱ्याची टवाळी करणं वेगळं. मला पोपचं सगळं पाळता येत नाही म्हणून मी त्यांच्या फोटोवर जोक करत फिरत नाही. बरं, एक देतो: कार्डिनलांना उत्तर द्यायला हवं होतं. एका ओळीचं का असेना. एवढं घ्या आणि खूश व्हा.

जुनीमिस्सा:
नऊ वर्षं उशिरा आणि चुकीच्या माणसाकडून, पण घेतलं. बदल्यात पोप लिओंचं जीवनवादाचं वाक्य मी पुन्हा वाचेन. पटेलच असं नाही. बर्फ तसाच राहील.

कुपारीण:
तुमचं समेटाचं नाटक संपलं असेल तर ऐका. पॅरिश कौन्सिलसाठी अर्ज लिहिलाय: मराठी मिस्सा आठला, इंग्लिश साडेनऊला. सह्या हव्यात. गिरीजकर, तुमची पहिली. बोरिवलीकर, तुम्ही पोरांना घेऊन या, वाचनाचा अर्थ मी बसून सांगेन.

बोरिवलीकर:
साडेनऊला मुलांचा फुटबॉल असतो. बघतो.

जुनीमिस्सा:
माझी सही ईमेलने चालेल का? महिन्यातून एक लॅटिन मिस्सा अशी ओळ घातलीत तर.

कुपारीण:
नाही.