बॉस्टनहून एका दिवसात कव्हर्ड ब्रिज: कुठला धरावा?

प्राजक्त_सडा
आईबाबा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात इथे आहेत. पानांचे रंग आणि एखादा जुना लाकडी कव्हर्ड ब्रिज, म्हणजे छप्पर असलेला पूल, सकाळी निघून रात्रीपर्यंत परत, असं जमवायचंय. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त, त्यांना बांधकाम नीट बघायचंय. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. यादीत व्हरमाँटचे आठ-दहा पूल काढलेत. भाड्याची उंच व्हॅन आहे. काय ठेवावं, काय गाळावं?

तिरपा_वासा
यादी बाजूला ठेवा. आठ-दहा पूल केलेत तर दिवसभर गाडीतच बसाल आणि हाती सगळे सारखेच फोटो येतील. कॉर्निश-विंडसर एक धरा. न्यू हॅम्पशायरमधलं कॉर्निश आणि व्हरमाँटमधलं विंडसर यांच्यामध्ये, कनेक्टिकट नदीवर. १८६६ चा, दोनच गाळ्यांत (आधारांमधल्या टप्प्यांत) सुमारे ४५० फूट, आणि आजही दोन्ही बाजूंनी गाड्या जातात.

रस्ता: आय-९३, मग आय-८९, एक्झिट २० ला वेस्ट लेबननमध्ये उतरून १२ए रस्त्याने दक्षिणेकडे. शेवटचा तुकडा नदीकाठाने, शेतांमधून जातो. एकूण सव्वादोन ते अडीच तास धरा. नकाशात पत्ता टाकताना राज्याचं नाव बघून टाका, कारण मेनमध्येही कॉर्निश आहे आणि कनेक्टिकटमध्येही विंडसर. नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा.

पुलाच्या तोंडाशी उंचीची मर्यादा १२ फूट ९ इंच आहे. प्रवासी व्हॅन आरामात जाते, सामान वाहायचे मोठे ट्रक नाही. लहान पुलांवर मात्र उंची आणि वजन दोन्हींची पाटी थांबून वाचा, तिथे मर्यादा बऱ्याच कमी असतात.

ओली_फळी
व्हरमाँटमधलं वूडस्टॉक-क्वीची का नको? गाव सुंदर, खायची सोय, आणि पूल चालत जाण्यासारखे.

तिरपा_वासा
गावासाठी जरूर जा. पण बांधकाम बघणाऱ्या माणसाला क्वीचीला नेऊ नका, तो पूल १९७० चा आहे आणि वरचं लाकूड बरंचसं शोभेचं. वूडस्टॉकचा मिडल ब्रिज १९६९ चा, पण बाजूची भार पेलणारी लाकडी जाळी खरी आहे. त्या पट्ट्यात जुना म्हणजे टाफ्ट्सव्हिल, १८३६ चा. २०११ च्या आयरीन वादळाच्या पुराने त्याची वाट लावली, दुरुस्त होऊन २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाला. शिवाय कोलंबस डेच्या (ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, सुट्टी) शनिवार-रविवारी वूडस्टॉकमधून गाडी अक्षरशः ढकलत न्यावी लागते. मधला वार मिळाला तर सोनं.

खुंटी
बाबांसाठी थोडं सविस्तर लिहिते.

कॉर्निश-विंडसरची बाजूची भिंत म्हणजे एक अखंड लाकडी जाळी आहे. इथिएल टाउन यांनी १८२० मध्ये पेटंट घेतलेली पद्धत: तिरपी लाकडं एकमेकांवर फुलीसारखी टाकायची आणि प्रत्येक छेदावर लाकडी खुंट्या ठोकायच्या. एरवी या पद्धतीत जाड फळ्या असतात, इथे चौकोनी तासलेल्या तुळया खाचा पाडून बसवल्या आहेत. हा फरक आत शिरल्यावर हाताच्या अंतरावरून दिसतो. १९८९ च्या मोठ्या दुरुस्तीत ग्लुलॅम, म्हणजे थरांवर थर चिकटवलेल्या तुळयाही घातल्या. कडेने बघितलं की थरांच्या रेघा दिसतात. जुनं आणि नवं वेगळं काढायला तेवढी खूण पुरे.

छप्पर कशासाठी, हे आई विचारतीलच. प्रवाशांना पावसापासून आडोसा मिळतो तो वरकड. मुख्य काम कैचीचे, म्हणजे भार पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याचे, सांधे कोरडे ठेवण्याचं. उघड्या लाकडात पाणी खाचांमध्ये मुरतं, सांधे आधी कुजतात आणि पूल दहा-पंधरा वर्षांत जातो. गंमत म्हणजे हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून माणसं लावून आत बर्फ पसरावा लागे!

तोंडावरची पाटी चुकवू नका: घोडे न पळवता चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दुडक्या चालीचे हादरे एका तालात बसले तर सांधे ढिले होतात, म्हणून. १९४३ पर्यंत इथे टोलही होता.

आता अडचण. आत वेगळा पादचारी मार्ग नाही आणि अंधार असतो. बाहेरच्या उन्हातून येणाऱ्या चालकाला क्षणभर काही दिसत नाही. फिकट कपडे, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून कडेने एका ओळीत, आणि मध्ये उभं राहून फोटो नाही. आईंनी न्यू हॅम्पशायरच्या काठावरूनच बघावं.

सांधे निवांत, हात लावून बघायचे असतील तर ब्लॅकस्मिथ शॉप पूल गाठा. १२ए वरून टाउन हाउस रोडने आत साधारण दोन मैल. १८८१ चा, वाहनांना बंद. त्याची रचना जाळीची नाही, उभे खांब आणि तिरपे टेकू, म्हणजे मल्टिपल किंगपोस्ट. बांधणारे जेम्स टास्कर. कॉर्निश-विंडसर बांधणाऱ्या दोघांतलेही एक तेच, दुसरे बेला फ्लेचर. एकाच सुताराच्या दोन पद्धती एका दुपारी शेजारी-शेजारी बघायला मिळतात, म्हणून मी वूडस्टॉकपेक्षा हे निवडेन.

ओली_फळी
पटलं. जगातला सर्वांत लांब कव्हर्ड ब्रिज हाच ना? आणि अर्धा व्हरमाँटचा?

खुंटी
दोन्ही नाही. ओहायोतला २००८ चा स्मोलेन-गल्फ ६१३ फूट आहे. दोन गाळ्यांच्या पुलांत मात्र हा सर्वांत लांब मानतात. आणि राज्यांची हद्द नदीच्या मध्यावर नाही, व्हरमाँटच्या काठाशी आहे. त्यामुळे पूल जवळपास सगळा न्यू हॅम्पशायरचा, देखभालही त्यांचीच.

तिरपा_वासा
फोटोसाठी सकाळ. न्यू हॅम्पशायरच्या काठावरून पुलापलीकडे माउंट अस्कटनी नैऋत्येला येतो. दुपारनंतर ऊन समोरून डोळ्यांत येतं आणि डोंगराची नुसती काळी आकृती उरते. पहाटे नदीवर धुकं असेल तर तासभर थांबा, ऊन वर आलं की विरतं.

प्राजक्त_सडा
स्वच्छतागृह आणि जेवण?

तिरपा_वासा
पुलापाशी काही नाही. १२ए वर, पुलाच्या थोडं आधी सेंट-गॉडन्स हे राष्ट्रीय उद्यान लागतं, शिल्पकाराचं घर आणि बाग. तिथे स्वच्छतागृह आहे. आईंना सावकाश फिरायला बागही बरी. इमारती ऑक्टोबरअखेर बंद होतात, तुमच्या तारखांना उघड्या असतील. ड्रोन मात्र तिथे चालत नाही. शाकाहारी असाल तर धपाटे-चटणी बांधून न्या. राहिलेली खरेदी वेस्ट लेबननमध्येच उरका, पुढे १२ए वर दुकानं तुरळक. निघताना तिथेच पेट्रोलही भरून घ्या.