‘जागृत राहा’ की ‘जागे राहा’? आगमनकाळातला एक शब्द

सदरवासी :
नागपूरच्या सदर भागातल्या काही मराठी कॅथलिक कुटुंबांसाठी आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांत, रोज एक छोटं पान काढायचं ठरलंय. त्या दिवसाच्या वाचनाचा संदर्भ, चार ओळींचं चिंतन, एक प्रार्थना, बस. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं आणि घरच्यांनी रात्री जेवणाआधी मेणबत्ती लावून वाचायचं. पण पहिल्याच रविवारी, ३० नोव्हेंबर २०२५ ला, गाडी अडली. त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूविषयीचं बायबलमधलं वाचन, आहे मत्तय २४:३७-४४, आणि त्यातलं मुख्य वाक्य, ‘म्हणून जागृत राहा’.

आमच्याकडे बरीचशी उपासना हिंदीत होते. तिथे ‘जागते रहो’ आहे, आणि ते ऐकलं की रात्री काठी आपटत फिरणारा चौकीदार समोर येतो. मराठीत ‘जागृत’ म्हटलं की पुढे ‘देवस्थान’च येतं. म्हणजे मराठीत जागृत असतो तो देव, हाकेला धावणारा. इथे तर जागायचं काम भक्ताकडे दिलंय. जागृत, जागे, सावध, दक्ष : पानावर काय घालू?

व्याकरणवेडा :
आधी शुद्धतेचं बघू. ‘जागृ’ धातूचं भूतकाळवाचक विशेषण ‘जागरित’. ‘जागृत’ हे रूढीने आलेलं, पण आता इतकं रुळलंय की ‘जागरित राहा’ लिहिलं तर लोक छपाईची चूक समजतील. मूळ ग्रीकमधलं क्रियापद आहे ‘ग्रेगोरेओ’, म्हणजे जागं असणं, पहाऱ्यावर असणं. ग्रेगरी हे नाव त्यातूनच आलं. ‘दक्ष’ मात्र नको. नागपुरात ‘दक्ष’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या टाचा आपोआप जुळतात.

वसईकर :
ताई, त्याच परिच्छेदातला ‘प्रहर’ हातचा सोडू नका. चोर कोणत्या प्रहरी येईल हे घरधन्याला कळलं असतं तर तो जागा राहिला असता, असं येशू म्हणतो. रोमी पद्धतीत रात्रीचे चार पहारे असत. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच. मार्क १३:३५ मध्ये ते चारही मोजून दिलेत : संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, पहाट. शिवाय आपला ‘पहारा’ हा शब्दही ‘प्रहर’वरूनच आलाय. हे मार्कचं वाचन पुढच्या आगमनकाळात, २९ नोव्हेंबर २०२६ ला येईल. रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात यंदा मत्तय, मग मार्क, मग लूक.

सदरवासी :
प्रहर ठेवतेच. पण एक शंका. आपल्याकडे जागण्याची रात्र आहेच की, कोजागरी. ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते. चिंतनात हे आणलं तर चालेल? मसाला दूध आमच्याही घरी होतं.

वसईकर :
आणा, पण फरक सांगून. कोजागरीची तिथी पंचांगात छापलेली असते. मत्तयाचा सगळा भर ‘दिवस ठाऊक नाही’ यावर आहे. लोक विचारतील, नाताळ तर २५ डिसेंबरलाच येतो, मग ठाऊक कसं नाही? तर आगमनकाळाचे दोन भाग आहेत. १६ डिसेंबरपर्यंतच्या उपासनेचा रोख जास्त करून प्रभूच्या पुनरागमनाकडे असतो, आणि १७ ते २४ हे दिवस थेट नाताळाच्या तयारीचे. पहिल्या रविवारी गाईगुरं, गोठा, तारा यातलं काहीच का नसतं, त्याचं कारण हे.

काटोलकर :
मी ख्रिश्चन नाही, पण शब्दाचं म्हणाल तं आमच्याकडं ‘जागल’ आहे ना! हरभरा, तूर उभी असली की रात्री शेतात जागलीले जा लागते, रानडुकरं येतात. मचानावर बसून अधूनमधून हाकारा द्यायचा, शेकोटी विझू द्यायची नाही. डुक्कर काही सांगून येत नाही. आन् जुन्या गावगाड्यात रात्रीची राखण करणाऱ्याले ‘जागल्या’ म्हणत. ‘जागृत’ हा पुस्तकी शब्द, ‘जागल’ अंगावर येते. थंडीही तुमच्या आगमनकाळाचीच.

सदरवासी :
दादा, हे फार आवडलं. पण मनात थोडं खटकतंय. जागल म्हणजे भीती, पिकाची नासाडी. येणाऱ्या प्रभूची वाट आणि डुकराची वाट एकच कशी?

व्याकरणवेडा :
येशूने तर चोराचीच उपमा दिलीय, त्याला तुम्ही काय करणार? आणि ‘जागल’मध्ये भीतीपेक्षा राखण जास्त आहे. जे आपल्या हवाली आहे ते सांभाळायचं. मला खरी अडचण दुसरीकडे दिसते. मत्तय २५ मधल्या, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींची गोष्ट काढा. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या, शहाण्यासुद्धा. तरी शेवटी येशू म्हणतो जागृत राहा. म्हणजे डोळे उघडे ठेवणं हा अर्थ पुरत नाही. शहाण्यांकडे दिव्यांसाठी जादा तेल होतं, एवढाच फरक. म्हणून नुसतं ‘जागे’ लिहिलंत तर अर्थ डोळ्यांपाशी अडकेल. ‘सावध’ लिहिलंत तर कोणीतरी फसवणार आहे असं वाटेल.

काटोलकर :
जागलीवरचा मानूसही डुलकी घेतेच. शेकोटीले लाकडं पुरेशी घालून ठेवतो, मंग घेतो.

सदरवासी :
हे आलं तेल! ठरलं मग. वचन छापील बायबलमध्ये आहे तसंच, ‘जागृत राहा’. ते बदलायचा अधिकार आपला नाही, आणि वयस्कर मंडळींना ते पाठ आहे. खालच्या चिंतनात जागल, शेकोटी आणि कुमारींचं तेल. कोजागरीला एक ओळ. हिंदी वाचणाऱ्यांसाठी ‘जागते रहो’चा चौकीदारही राहू दे, तोही कोणाचं तरी घर राखतोच.

आता पुढचं. १७ डिसेंबरपासून संध्याप्रार्थनेत येणाऱ्या प्रभूला उद्देशून रोज एक संबोधन येतं. २१ तारखेचं लॅटिन ‘ओ ओरिएन्स’, म्हणजे उगवतीकडून येणारा प्रकाश. ‘हे अरुणा’ म्हटलं तर आमच्या मंडळीतल्या एक बाई ‘ओ’ देतील. ‘उदय’ म्हटलं तरी एक मुलगा आहेच. सुचवा काहीतरी.

वसईकर :
‘हे उगवत्या प्रकाशा’. दोन शब्द जास्त गेले तरी चालतील, कोणी ‘ओ’ देणार नाही.