मिक्सर घरीच खोलला? अनुभव लिहा राजेहो

उन्हाळा लागला, मिरच्या वाळल्या, वर्षाच्या तिखट-मसाल्याचं काम निघालं अन् नेमके याच दिवसांत मिक्सर बसतात. तालुक्याच्या दुकानात नेला का न खोलताच निकाल लागते, "मोटर गेली, नवीन घेऊन घ्या." अन् खोलून पाहिलं तं बिमारी पुष्कळदा छोटीच असते, कपलर (मोटरचं फिरणं जाराला देणारा दातांचा तुकडा), कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे छोटे ब्रश), जारचं बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरते ती नळी), फार तं स्विच. म्हणून हा धागा. काय बिघडलं होतं, कसं ओळखलं, काय बदललं ते लिहा. एकच अट, प्लग काढल्याशिवाय पेचकस हातात घ्यायचा नाही. बटन बंद आहे म्हणून भागत नाही, आपल्याकडे कितीतरी घरांत बोर्डात फेज-न्यूट्रल उलटेपालटे जोडलेले असतात, मग बटन बंद असलं तरी आत करंट राहते.

आर्वीकडून
सगळ्यात सोपं आधी सांगतो. शेजारच्या काकूचा मिक्सर जवसाची चटणी करता करता मधातच बंद पडला, "भाऊ, जळला वाटते" म्हणे. मी उलटा केला, बुडाशी लाल बटन असते, ओव्हरलोडचं. थोडा थंडा होऊ देला, बटन दाबलं, सुरू. अर्ध्या लोकायले हे बटनच माहीत नाही. पण ते घडीघडी उडत असेल तं नुसतं दाबत बसू नका, जारात माल जास्त होते नाही तं बुश जाम आहे. बुडाच्या पट्टीवर बहुतेक मिक्सरच्या लिहिलेलं असते, ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद, असं ३० मिनिटं. लग्नघरी कोण वाचते बाप्पा, तिथं सकाळपासून घरघर चालूच.

दारव्हा तालुका
आमचं प्रकरण वेगळं. भाव नाही म्हणून कापूस घरातच, समोरच्या खोलीत पार आढ्यापर्यंत. आता मिक्सरचा पंखा हवा ओढते अन् हवेसंग रुई बी ओढते हे कोणाच्या डोक्यातच नाही आलं. मिक्सर लय तापे, वास ये. बुडाचे स्क्रू काढले तं आत आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) दिसेचना, सगळीकडून रुई गच्च बसलेली. जुन्या ब्रशनं झाडली, सायकलच्या पंपानं हवा मारली, साफ. वायर पण एका जागी उंदरानं कुरतडली होती, तिथं टेप न मारता पूर्ण वायरच बदलली, आपल्या उन्हात टेपचा चिकटा सुटते. झाकण बसवताना आतली वायर पंख्याच्या पात्याजवळ तं नाही येत ना, एवढं पाहून घ्या. अन् कापूस घरात असेपर्यंत मिक्सर झाकून ठेवा.

मेहकर
मोटर ओरडते पण जारातलं पातं फिरत नाही, असं असलं तर ९९ टक्के कपलर. रबराचे दात घासतात. बदलायला काही नाही, फक्त बऱ्याच मिक्सरला आटे उलटे असतात, नळाचा पाना फिरवतो तसं फिरवलं की अजून आवळते. मोटर ज्या बाजूनं फिरते त्यानं कपलर आपोआप घट्ट राहावा म्हणून तसे देलेले असतात. आमच्याकडं एक जण पक्कडीला लटकलाच होता, त्याला सांगितलं बाबू उलटा फिरव. दांडा सोबत फिरत असला तर बूड खोलून खालून दांड्याला खाच आहे का पाहा, तिथं पेचकस अडकवून धरायचा. दुकानात जाताना जुना कपलर खिशात न्या, नाव सांगून बरोबर मिळत नाही, दातांचा आकार वेगवेगळा येतो.

(धागाकर्ता: मधात एक गोष्ट. खोलल्यावर पुन्हा जोडला का डायरेक्ट बोर्डात नका लावू. गावच्या वायरमनसारखं सिरीज करा, १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब मिक्सरच्या सिरीजमधे, म्हणजे करंट बल्बातून होऊनच मिक्सरात जाईल असा. बल्ब मंद अन् मोटर हळू फिरली तं ठीक. बल्ब फुल उजेड मारते अन् मोटर गप, तं आत शॉर्ट आहे किंवा मोटर जाम. बल्बच लागला नाही तं कुठं तरी वायर, स्विच नाही तं कार्बन सुटलेला. फ्यूज उडण्यापेक्षा बल्ब बरा.)

वरूड
माझा मिक्सर तुमच्यासारखा नाही, मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, तो उभा, वरून डोकं अन् खाली वाटी असलेला स्टँड मिक्सर आहे. मोटरचा आवाज येई पण हुक फिरेना, वरून वाटीत तेलाचे काळे थेंब. यूट्यूब पाहून डोक्याचं झाकण काढलं. त्या मॉडेलमधे बाकी गिअर लोखंडी अन् एकच नायलॉनचा, तो मुद्दामच कच्चा ठेवलेला, मैदा फार घट्ट झाला तर तो मोडावा अन् मोटर वाचावी. त्याचे दात सपाट झाले होते. गिअर ऑनलाइन मागवला, पिन ठोकून काढायची असते, तिथं दिरानं मदत केली. जुनं ग्रीस सगळं खरडून काढलं अन् फूड ग्रेड भरलं, गाडीचं ग्रीस अजिबात नको, ते पीठात उतरेल. थेंबांचं कारण पण तेच, बरेच दिवस न वापरता पडून राहिला की ग्रीसमधलं तेल वेगळं होते, अन् आमच्याकडं एप्रिल-मेमधे पारा ४५ ला जातो, मग विचारूच नका. बायांनो, खोलताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. अन् ब्रेडचं पीठ हळू स्पीडवरच मळा.

तुमसरकडची
जारच्या खालून काळं पाणी गळते त्याचं कोणी लिहिलं नाही. ते बुश घासल्यानं होते. पातं हातानं हलवून पाहा, डुगडुगलं का बुश गेलं. मीठ-मिरची आत शिरून जाम झालं असेल तं रातभर कोमट पाण्यात ठेवायचं, मग खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब अन् हातानं फिरवत राहायचं. सुटलं तं सुटलं, नाही तं आठवडी बाजारात मिक्सरवाला बसते, तो नवीन बुश ठोकून देते. झाकणाच्या रबराऐवजी सायकलची ट्यूब कापून लावा, मस्त बसते.

आर्वीकडून
ताई, ट्यूबचं पटलं नाही. ते रबर खाण्याच्या वस्तूसाठी नाही, गरम मसाल्यात वास उतरते. झाकणाचं रबर वेगळं मिळते अन् महाग पण नाही.

तुमसरकडची
आमच्या घरी कोणाला काही नाही झालं अजून. पण बरं, पाहते बाजारात.

काटोल
कार्बनचं सांगतो. आत लय ठिणग्या दिसतात, स्पीड कमी-जास्त होते, कधी लागते कधी नाही, तं कार्बन ब्रश झिजले. जोडीनंच बदला. कम्युटेटर (तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन घासते) काळा पडला असेल तं बारीक काचकागद हळूच फिरवा, एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांच्या मधात बसून शॉर्ट करू शकतात. अन् एक गंमत, आपला देशी मिक्सरच दुरुस्तीतून निघाला. १९६३ ची गोष्ट, सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरच्या बायकोचा परदेशी मिक्सर बंद पडला, इथं त्याची दुरुस्ती नव्हती, मग त्यानं दणकट मोटर घालून सुमीत नावाचा मिक्सर काढला. परदेशी मशीन डाळ-हळद दळायला बनलेलंच नव्हतं.

दारव्हा तालुका
वाइंडिंग (मोटरमधली तार नव्यानं गुंडाळणं) घरी करायच्या भानगडीत कोणी पडू नका हे पण लिहा. अन् बाहेर केलं तं तांब्याचीच तार मागा, अल्युमिनियमची भरून देतात काही जण, ती पुढच्या मसाल्यापर्यंत टिकत नाही.

धागाकर्ता
बरोबर. आता स्विचचं कोणी लिहा, तो गोल फिरवायचा रोटरी. माझ्याकडं एक आला आहे, दोन नंबरवर चालते, एकवर नाही अन् तीनवर पण नाही.