पाच मिनिटांत लोक मोबाईल काढतात, बागायतदारांसमोर प्रेझेंटेशन कसं द्यायचं?

कलमवाला_देवगड
मंडळी मदत हवीये. आमच्या आंबा बागायतदार गटात मी जरा शिकलेला म्हणून जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येतं) बद्दल सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात मारलंय. मागच्या रविवारी पहिल्या गावात गेलो, देवळासमोरच्या मंडपात, वर पत्रा, दुपारी 3 ची वेळ, त्यात प्रोजेक्टरच्या पडद्यावर समोरून ऊन. 26 स्लाइड केल्या होत्या, 1999 चा कायदा, 2018 ला हापूसला मानांकन, रत्नागिरी सिंधुदुर्ग रायगड ठाणे पालघर हे 5 जिल्हे, चेन्नईचं नोंदणी कार्यालय, सगळं व्यवस्थित एकापाठोपाठ. पण पडद्यावर नुसता पांढरा उजेड, त्यामुळे मी लॅपटॉपकडे बघून वाचत सुटलो. चौथ्या स्लाइडला मागचे सगळे मोबाईलवर, एक काका तर खांबाला टेकून चक्क घोरायला लागले. शेवटी "काही प्रश्न?" म्हटलं तर एकच आला, "मेल्या, माझ्या पेटयेक किती रुपये जास्ती गावतले ता सांग." मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी दुसरं गाव आहे. काय करू?

मास्तर_रत्नांग्री
कॉलेजात 19 वर्षं शिकवतोय, त्यामुळे घोरणाऱ्यांचा अनुभव दांडगा आहे 😄 पहिलं म्हणजे स्लाइड वाचायच्या नाहीत. लोकांना वाचता येतं, आणि तू वाचतोयस तोवर ते एकतर तुझं ऐकतात नाहीतर पडदा वाचतात, दोन्ही एकदम होत नाही. गाय कावासाकी नावाच्या अमेरिकन मार्केटिंगवाल्याचा 10-20-30 नियम ऐकला असशील, 10 स्लाइड, 20 मिनिटं आणि अक्षर 30 पॉइंटच्या खाली नको. तो मुळात गुंतवणूकदारांकडे पैसे मागायला जाणाऱ्यांसाठी सांगितलेला आहे, तुला तसाच्या तसा लागू नाही, पण अक्षराचं मात्र ऐक. आदल्या दिवशी जाऊन सगळ्यात मागे बसून बघ वाचता येतंय का. आणि दुपारी 3 ला जेवून आलेल्या माणसाला कायदा ऐकवणं हा गुन्हा आहे, सकाळची वेळ घे.

कुडाळकर_७७
मास्तरांचा पटता, पण मी म्हणतंय प्रोजेक्टर घराकच ठेव. तू दशावतार बघलंस मा? त्यांच्याकडे खय लिवलेलो कागद असता? आख्यान कुठला ता ठरता, कोण कुठली भूमिका करतलो ता ठरता, आणि संवाद थयच्या थय. तरी रात्रभर माणसा जाग्यावरसून हलनत नाय. आमच्या आजोबांबरोबर जत्रेत जायचो तेव्हा ते म्हणत नट पहिलो पब्लिक बघता, खयच्या वाक्याक हसली, खय जांभई दिली, त्यावर पुढचा लांबवूचा की आटपूचा ता ठरवता. तू पाठ केलेली वाक्या घेऊन गेलंस, एक वाक्य चुकला की सगळा कोसाळला. तीन गोष्टी डोक्यात ठेव, बाकी बोलता बोलता येता. आणि आड-दशावतारात, म्हणजे आख्यानाच्या आधीच्या भागात, संकासूर येऊन आधी गंमत करता ना, तसा पयल्या दोन मिनटात माणसांका हसव, मगे कायदो काढ.

मास्तर_रत्नांग्री
हे बरोबर, फक्त कीर्तनकार उलटं करतात, आधी पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान. पण बुवांसमोर ऐकायलाच आलेली माणसं असतात, तुझ्यासमोर बोलावून आणलेली. म्हणून तू गोष्ट आधी घे.

बचतगट_ताई
कलमवाले भाऊ, मी बायकांसमोर बँकेच्या योजना सांगत फिरते, माझा अनुभव सांगते. हातात वस्तू पाहिजे. तुम्ही "देवगड हापूस" छापलेला पुठ्ठ्याचा रिकामा बॉक्स घेऊन जा, वर धरा आणि नुसतं विचारा, ह्यात कर्नाटकचा आंबा भरून विकलेला कोणी कोणी बघितलाय, हात वर करा. मग गप्प बसा. खरंच गप्प, मनात दहा मोजा, जीवावर येतं पण थांबा. माणसं आपसात बोलायला लागतील, कोण वाशीची गोष्ट सांगेल कोण मुंबईच्या जावयाची, आणि तोच तुमचा विषय. मग सांगा की नाव आपलं आहे हे कायद्याने मान्य झालंय, पण ते आपल्या बॉक्सवर लावायचं तर प्रत्येकाने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायला लागते, गटात कोणीतरी केली म्हणून चालत नाही. एवढं कळलं तरी पुष्कळ.

आणि पैशाचा प्रश्न परत येणारच. खोटं सांगू नका हं. मानांकनामुळे आपोआप भाव वाढत नाही, दुसऱ्याने आपलं नाव वापरलं तर अडवायचा हक्क मिळतो, गिऱ्हाईकाला खात्री पटली तर पुढे दर मिळेल. असंच सांगा. पेटीला अमुक रुपये म्हणालात आणि मिळाले नाहीत तर त्या गावात परत पाय ठेवता येणार नाही.

कलमवाला_देवगड
ताई, कुडाळकर, मास्तर, जाऊन आलो. सकाळी 10 ला ठेवलं. लाईट गेली त्यामुळे प्रोजेक्टर आपोआपच बाद 🙏 बॉक्स वर धरला, विचारलं, आणि दहा मोजायच्या आत तिसऱ्या आकड्यालाच एक आजोबा उठले आणि अर्धा तास तेच बोलले, मला थांबवता येईना, शिवीगाळ पण झाली थोडी. पण कोणी उठून गेलं नाही. पैशाचा प्रश्न आला, ताईंनी सांगितलं तसंच उत्तर दिलं, दोघे नाराज होऊन "मगे कशाक ही कटकट" म्हणाले, 14 जणांनी नावं दिली. सातबारा कोणाकोणाकडे नावावर नाही ते वेगळंच प्रकरण निघालंय, त्यावर नवीन धागा काढतो.

एक राहिलं, लाईट आल्यावर माईक लावला तर पत्र्याखाली सारखा शिट्टी मारत होता, काय करायचं त्याला?

कुडाळकर_७७
स्पीकर तुझ्या पाठी होतो काय? तो तुझ्या पुढे ठेव, तोंड माणसांकडे. माईक स्पीकरच्या समोर इलो की बोंबलतलोच. आणि आवाज जरा कमी ठेव, पत्रो आहे मेल्या.